रिसीव्हरमधून ऐकलेला गोल

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम आणि उसाचा हंगाम एकाच वेळी चालतो. दिवाळी झाली की मैदानावर चुन्याच्या फक्कीच्या रेघा पडतात, आणि त्याच सुमाराला साखर कारखान्यांची चाकं फिरायला लागतात. ऊन तापलं की दोन्ही थांबतात. हे सांगायचं कारण इतकंच, की मी कारखान्यात लागलो त्या वर्षापासून आमच्या तालमीची एकही मॅच मी डोळ्यांनी बघितलेली नाही.

तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा हे सगळ्यांनाच ठाऊक असतं. आमच्या शहरात तालमींच्या फुटबॉलच्या टीमा असतात, आणि माणूस ज्या गल्लीत जन्मला त्या गल्लीच्या तालमीचा असतो. त्यात विचारायचं काही नसतं. माझे वडील, आमचे आबा, तालमीकडून कधी खेळले नाहीत, पण मॅचच्या दिवशी सकाळी मैदानावर फक्की मारायला ते जायचे. घरी यायचे तेव्हा त्यांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या असायच्या. आई हसायची आणि म्हणायची, "पिठाच्या गिरणीतनं आलासा काय?" टीम बदलणाऱ्या खेळाडूचा विषय निघाला की मात्र त्यांचा चेहरा बदलायचा. "असल्यांच्या दारात जाऊन पाणीसुद्धा प्यायचं न्हाई," म्हणायचे. आम्ही दोघं भाऊ ते ऐकत मोठे झालो.

मी आठवीत नापास झालो आणि त्याच वर्षी वडील गेले. शाळा तिथंच सुटली. काही वर्षं एका फाउंड्रीत काढली. मग मामा, जे कारखान्यांत फिटर होते, मला बरोबर घेऊन इकडे आंबेगाव तालुक्यात आले. पारगावला नवा कारखाना उभा राहत होता आणि मशीनची सवय असलेली माणसं त्यांना हवी होती. साहेबांपुढे मी आठवीचा दाखला घडी करून धरला होता. तो उघडायचीच मला लाज वाटत होती. त्यांनी तो उघडला नाही. माझे हात उलटे-सुलटे करून बघितले, आणि म्हणाले, "दाखल्यानं मिल फिरत नाही. उद्यापासून ये." आज पुष्कळ वर्षं झाली, तरी त्यांची आठवण आली की मी मनातल्या मनात हात जोडतो. ऊस पिळणाऱ्या मोठ्या रोलरांना वंगण घालायचं काम मला मिळालं. ऑइलमन म्हणतात त्याला.

काम मिळालं पण धास्ती गेली नाही. मी हंगामी होतो. पुढच्या दिवाळीला बोलावतील की नाही, या काळजीनं मी हंगामात एक दिवस रजा मागितली नाही. मागितली असती तर मिळालीही असती कदाचित. मागायचा धीर मात्र झाला नाही.

मिलवर माझा जोडीदार राजुरीचा होता. कबड्डीतला गडी, मान बैलासारखी. आमच्या फुटबॉलचं त्याला भारी नवल.

"पावणं, किती वेळ चालतं म्हणं त्ये?"

"दीड तास."

"आन गोल किती व्हत्यात?"

"कधी एक. कधी होतही नाही."

"दीड तास पळून येक पन न्हाई? आवं, तेवढ्या येळात आमच्यात लग्नाच्या दोन पंगती उठत्यात!"

सगळी मिल हसली. मीही हसलो. इथं मला पहिल्या दिवसापासून 'पावणं' म्हणायचे, आणि त्यात माया होती, हे कळायलाही मला एक हंगाम लागला.

मॅच बघता येत नव्हती, तर मी ती ऐकायची सोय केली. आमच्या मैदानाच्या भिंतीला लागूनच माझ्या एका शाळासोबत्याची पानपट्टी होती आणि तिथं फोन होता. पारगावात एका शेठजींचं किराणा दुकान होतं, त्यातच काचेची एसटीडीची खोली. मॅचच्या दिवशी पाळी नसेल तर चारच्या पुढं मी तिथून फोन लावायचो. सोबती दोन वाक्यांत सांगायचा आणि मग वायर पुरेल तितका रिसीव्हर मैदानाच्या बाजूला धरायचा. मला ऐकू यायचा तो नुसता आवाज. हलगी, शिट्ट्या, आणि मध्येच हजारो माणसांनी एकदम घेतलेला श्वास. चेंडू गोलजवळून गेला की तसा श्वास निघतो. तो ऐकला की माझ्या अंगावर काटा यायचा आणि पाय आपोआप हलायचे. काचेच्या पलीकडून शेठजी बघत असायचे. त्यांचं घराणं मूळचं राजस्थानातलं, पण पारगावात त्यांची तिसरी पिढी होती आणि मराठी माझ्यापेक्षा सरळ. मी बाहेर आलो की ते पहिला प्रश्न हाच करायचे, "काय, जिंकलात का?" माझी जात, गाव, पगार विचारायच्या आधी या माणसानं माझी टीम विचारली होती.

आता धाकट्याचं सांगतो. माझ्याहून सात वर्षांनी लहान. त्याला चेंडू मीच शिकवला, जुन्या पायमोज्यात चिंध्या भरून, गल्लीतल्या उतारावर. तो डावखुरा, पायानंही. मी इकडे लागलो तेव्हा तो आमच्या तालमीत सरावाला जायला लागला होता. मी फोनवर सोबत्याला दर वेळी विचारायचो, "आज घेतला काय त्याला?" आणि सोबती म्हणायचा, "बसवलाय रं बाहेर. पुढच्या मॅचला घेतील." अशी तीन वर्षं पुढच्या मॅचवर गेली.

चौथ्या वर्षी पलीकडच्या पेठेतल्या तालमीनं त्याला विचारलं. खेळायला जागा आणि एका पतसंस्थेत शिपायाची नोकरी. तो गेला.

मला हे सोबत्यानं फोनवर सांगितलं. धाकट्यानं स्वतः सांगितलं नाही, याचा राग जास्त होता की तालीम सोडल्याचा, ते आज नीट आठवत नाही. त्या वेळी मला डोळ्यांपुढं दिसल्या त्या वडिलांच्या पांढऱ्या भुवया. खोलीवर येऊन मी पोस्टकार्ड लिहिलं. मला लिहायचं म्हटलं की घाम फुटतो, त्यामुळे दोनच ओळी लिहिल्या. तू आमच्या दारातनं गेलास, आता माझ्याशी बोलू नकोस. एवढंच. पोस्टकार्डच असल्यामुळे ते पोस्टमननं वाचलं असणार, शेजाऱ्यांनीही वाचलं असणार.

त्यानं ते अक्षरशः पाळलं. दोन हंगाम, आणि मधल्या उन्हाळ्यात मी घरी गेलोच नाही.

आईला मी शेजाऱ्यांकडे फोन करायचो. ती पहिल्यांदा जेवणाची चौकशी करायची, मग म्हणायची, "त्यो हितंच उभा हाय. देऊ काय?"

"नको."

"आरं, मी काय म्हणते, एकदा बोल की..."

"आई, नको म्हटलं ना."

एकदा असाच फोन ठेवून मी बाहेर आलो तर शेठजींनी स्टूल पुढं सरकवलं. बोलणं त्यांना ऐकू गेलं होतं. काच होती, पण दाराला फट होती. मी सगळं सांगितलं. त्यांनी गुळाचा खडा हातावर ठेवला आणि वजनकाट्यावरची धूळ पुसत म्हणाले, "माझ्या आजोबांना गाव विचारलं तर ते मारवाडातलं नाव सांगायचे. वडील दोन्ही सांगायचे. मी पारगाव सांगतो. आम्हाला कुणी फितूर म्हटलं नाही बुवा."

"तुमचं वेगळं आहे, शेठजी."

"असेल," ते म्हणाले. "पण तो बाकावर बसून होता, ते तुम्ही विसरलात. तीन वर्षं."

मी गूळ खाल्ला आणि निघून आलो. त्यांचा मला रागच आला होता. दोन दिवस मी दुसऱ्या दुकानातून साबण घेतला.

त्या हंगामाच्या शेवटी-शेवटी आमची तालीम आणि धाकट्याची तालीम फायनलला आल्या. सोबती फोनवर खुशीत होता. "तुझा भाऊ आपल्याइरुद्ध! बघतोच त्याला आमची पोरं कसं सोडत्यात." माझी पाळी त्या आठवड्यात दुपारी बाराची होती. ऐकायला जायचं तर कुणीतरी चार वाजता माझ्या जागी उभं राहायला हवं. राजुरीकराची पाळी त्या आठवड्यात सकाळची होती, बाराला सुटून तो घरी जायचा. मी त्याला विचारायचं ठरवून तीन दिवस विचारलं नाही. शेवटी पाळी बदलताना त्यानंच विचारलं.

"काय झालंय पावणं? ग्रीसचा डबा हातात घेऊन उभं ऱ्हाताय नुसतं."

मी सांगितलं.

"मंग जावा की! मी थांबतो. आन भाऊ जिंकला तर माला पेढं, हरला तरी पेढं. माला काय त्या खेळातलं कळत न्हाई."

सुपरवायझरलाही त्यानंच सांगितलं. दोन तास माझ्या नावावर उभा राहिलेल्या त्या माणसाचा मी आजही ऋणी आहे.

शेठजींच्या दुकानात त्या दिवशी गिऱ्हाईक होतं. मी काचेच्या खोलीत शिरलो, दार ओढून घेतलं आणि फोन लावला. मॅच अर्धी झाली होती. शून्य-शून्य. सोबत्यानं रिसीव्हर बाहेर धरला. मी डोळे मिटले. हलगी वाजत होती. आमच्या लोकांची आरोळी मला ओळखू यायची, तिच्यात 'हो' लांब असतो. मी ती ऐकत होतो आणि स्वतःला समजावत होतो की आपली तालीम जिंकली पाहिजे. वडिलांसाठी तरी.

मग तो श्वास आला. सगळ्या मैदानाचा एकदम. पण या वेळी तो सुटला नाही, फुटला. इतका मोठा आवाज झाला की रिसीव्हर कानापासून लांब धरावा लागला. आणि त्या अर्ध्या क्षणात, कुणी गोल केला हे कळायच्या आधी, माझ्या तोंडून निघालं, "त्याचाच असू दे."

मी ऐकलं माझंच बोलणं. काचेत माझा चेहरा दिसत होता, त्याच्याकडे बघायचं धाडस झालं नाही.

सोबती ओरडत होता. "गेला रं! तुझ्या भावानं घातला! आपल्यावर! डाव्या पायानं, लांबनं. वाटोळं झालं आपलं!"

"लागलं नाही ना त्याला? पाडला बिडला नाही ना कुणी?"

"आँ? आरं, गोल आपल्यावर झालाय!"

"ते कळलं. तो बरा आहे ना?"

सोबत्यानं मला एक शिवी दिली आणि फोन आपटला. पुढं वर्षभर तो माझ्याशी धड बोलला नाही, आणि त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही.

मी बाहेर आलो. शेठजी एका बाईला साखर बांधून देत होते. त्यांनी मान वर केली. "काय, जिंकलात का?"

"आमची तालीम मागं आहे," मी म्हटलं. आणि हसू आलं, आणि डोळ्यांतून पाणीही. ती बाई पुडा विसरून माझ्याकडे बघत राहिली.

मिलवर परत जाऊन मी रात्री आठपर्यंतची पाळी पुरी केली. आठच्या आत शेठजींचं दुकान बंद व्हायचं, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो. शेजाऱ्यांकडे फोन लावला. आई आली. तिनं जेवणाचं विचारायच्या आधीच मी म्हटलं, "त्याला दे."

मागं कुणीतरी भांडं घासत होतं. मग त्याचा आवाज. दोन वर्षांत जाड झाला होता.

"दादा?"

"हां."

"चिडलायस?"

मला पुष्कळ बोलायचं होतं. पोस्टकार्डाबद्दल, बाकाबद्दल. तोंडातून निघालं, "किती लांबनं मारलास?"

तो हसायला लागला. मग सांगतच सुटला. डिफेंडर कसा पुढं आला, चेंडू कसा उसळला. मी मध्ये मध्ये विचारत होतो, गोलकीपर कुठं होता, वारा होता काय. आम्ही मोज्यातल्या चेंडूबद्दल बोलत होतो असंच वाटत होतं. शेवटी तो हळूच म्हणाला, "आबा असते तर बोलले नसते माझ्याशी."

"आबा गेल्यात," मी म्हटलं. "मी आहे."

वैशाखात कारखाना बंद पडला आणि मी घरी गेलो. तो मला मैदानावर घेऊन गेला. फाटकाला कुलूप होतं. आम्ही गजांतून आत बघितलं. रेघा पुसून गेल्या होत्या, दोन म्हशी चरत होत्या. त्यानं बोट दाखवलं. "त्या काळ्या म्हशीच्या जरा मागनं."

"तिथनं?"

"तिथनं."

मी कितीतरी वेळ त्या म्हशीकडे बघत होतो. ती जरा सरकली की मला वाटायचं जागा हरवली.

"आता तू कुणाचा?" त्यानं विचारलं. चेष्टेत, पण डोळे माझ्यावर होते.

"तू खेळशील तोवर तुझा."

"आणि मग?"

मी परत म्हशीकडे बघायला लागलो. पुढच्याच्या पुढच्या वर्षी त्याचा गुडघा गेला आणि खेळणं थांबलं. मध्ये एक हंगाम होता. त्याची मॅच बघायला मला रजा मागता आली असती. साहेब माझे होते, राजुरीकर पाळी घ्यायला तयार होता. मी म्हटलं, पुढच्या वर्षी नोकरीत कायम झालो की जाईन. मी कायम झालो, त्याच महिन्यात त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं.

आता मी पारगावातच आहे. इथल्या माणसांनी मला जे दिलं ते फिटणार नाही, आणि घर इथंच झालं. दिवाळीनंतर मिल सुरू होते आणि तिकडे मॅचा. मोबाइलवर आता मॅचा दिसतात, माझा मुलगा लावून देतो. चित्र बघवत नाही मला, नुसता आवाज ऐकतो. आमची तालीम जिंकली तर बरं वाटतं, पलीकडची जिंकली तरी बरं वाटतं, आणि पूर्वीसारखा अंगावर काटा येत नाही. मॅच संपली की मी धाकट्याला फोन करतो. तोही आता पोट सुटलेला माणूस आहे. मी त्याला तो गोल सांगायला लावतो. दर वेळी तो दोन पावलं आणखी मागून मारलेला असतो, आणि मी त्याला अडवत नाही. बघितलाच नाही, तर अडवणार कशाच्या जोरावर.