मामंजी आणि शिडाचा दोर

आमच्या मामंजींइतका घाबरट माणूस कल्याणच्या खाडीने दुसरा पाहिला नसेल, आणि गंमत म्हणजे खाडीतली अर्धी गलबतं त्यांच्याच भरवशावर समुद्रात जायची. शिडाचे दोर वळायचे आणि डोलकाठीवर चढवायचे, हे त्यांचं काम. पण दोर कुठलाही असो, ओढून पाहिल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. आमच्या लग्नात त्यांनी मांडवाचे दोर ओढून पाहिले आणि एक खांब माझ्या मामाच्या पाठीत घातला. पाळण्याची दोरी, विहिरीचा दोर, शेजाऱ्यांच्या म्हशीचं दावं, त्यांच्या हातून काही सुटायचं नाही. म्हैस बिचारी शेवटी शेवटी त्यांना पाहिलं की आपणहून उठून उभी राहायची. माझ्या वाळवणाच्या दोरीला तर ते चक्क लोंबकळायचे. "अहो मामंजी, धुणं मातीत गेलं की हो!" म्हटलं की म्हणायचे, "सूनबाई, धुणं परत धुता येतं. डोक्यात परबाण पडलं तर माणूस परत येत नाही." परबाण म्हणजे शीड ज्याला बांधतात ते भलंमोठं आडवं लाकूड. एकाच दोरावर ते वर चढतं आणि त्याच्याच खाली खलाशी वावरतात. त्या दोराने या माणसाची आयुष्यभराची झोप उडवली होती.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढली की त्यांचे दोर आमच्याकडे यायचे आणि चुलीवरच्या माळ्यावर जायचे, कारण धुराने काथ्या कोरडा राहतो. चांगल्या दोराला लाल चिंधी, बाद झालेल्याला काळी. सरळ कारभार! पण त्या वर्षी बंदरावर कुणाचा तरी दोर चोरीला गेला आणि मामंजींनी धसका घेतला. आमच्या गलबतासाठी वळलेला नवाकोरा दोर माळ्यावर होता ना! मग काय, त्यांनी नव्या दोराला काजळी फासून काळी चिंधी बांधली, आणि आतून कुजलेल्या जुन्या दोराला माशाचं तेल पाजून वर लाल चिंधी लावली. "चोर आला तर कुजका घेऊन जाईल," म्हणून स्वतःवरच खूश. चोर काही आला नाही, नारळी पौर्णिमा मात्र आली. खाडीला नारळ वाहिला आणि मामंजींनी आपल्या हाताने लाल चिंधीचाच दोर गलबतावर चढवला. केलेली चलाखी पार विसरले होते. ओढून पाहिला, लोंबकळून पाहिला, पण एका म्हाताऱ्याला पेलणारा दोर भरल्या शिडाला पेलेलच असं थोडंच आहे? आणि ते गलबत चालवणारे तांडेल कोण, तर आमचे हे.

दुसऱ्या दिवशी मामंजी बाज विणायला बसले. काळ्या चिंधीचा दोर घेतला, कोयत्याने तोडला आणि कापलेलं टोक माझ्यापुढे धरलं. आतून पिवळाधमक नवा काथ्या. "सूनबाई, पोराला कुजका दोर दिला गं मी." गलबत कोलशेतला मीठ भरणार होतं आणि तिथून उघड्या समुद्रात जाणार होतं. मामंजींनी उरलेलं वेटोळं खांद्यावर टाकलं, मी मूल सासूबाईंकडे दिलं, आणि आम्ही ठाण्यापर्यंत गाडीने आणि पुढे टांग्याने निघालो. टांग्यात बसताना त्यांनी घोड्याचा लगाम ओढून पाहिला नाही, तेव्हा मी खरी घाबरले. "वारा वाढलाय का गं?" ते सारखे विचारत होते. "छे हो," मी सांगत होते, आणि माझा पदर डोक्यावर ठरत नव्हता.

कोलशेतला गलबत धक्क्याला लागलेलं होतं, आणि हे आरामात पाय सोडून चहा पीत बसले होते! इतका राग आला म्हणून सांगू! मामंजींनी आधी वर पाहिलं. परबाणाला भलताच दोर होता, शेजारच्या मचव्यावरून मागून आणलेला.

"पहिल्यांदा शीड चढवलं तेव्हाच तुमचा दोर करकरला," हे म्हणाले. "इथे आल्या आल्या बदलला. तुम्हाला सांगणार नव्हतो, बाबा. उगाच जिवाला लावून घेतलं असतंत."

मला वाटलं, आता मामंजी सगळा धक्का डोक्यावर घेणार. पण ते लेकाजवळ बसले, त्याचे खांदे, दंड चाचपून पाहिले आणि लहान मुलासारखे रडले. मग वेटोळं त्याच्याकडे सरकवून म्हणाले, "हा चढव. गाठ तू मार." आजवर ती गाठ त्यांनी दुसऱ्या कुणाला मारू दिली नव्हती.

पुढच्या वर्षी गलबत निघालं तेव्हा मामंजी ओटीवर सुपारी कातरत बसले होते. "बंदरावर येताय ना?" मी विचारलं. "कशाला? त्याला कळतं सगळं," एवढंच म्हणाले. मी एकटीच गेले. शीड वर चढलं, सगळ्यांनी हात हलवले. एवढी वर्षं मी तिथे मजेत उभी असायचे, कारण भ्यायला मामंजी असायचे. त्या दिवशी शीड दिसेनासं झालं तरी माझे पाय घराकडे वळेनात.