लॅबमधलं फ्री वाय-फाय

"मॅडम, वैशालीच्या कॉम्प्युटरमधून मला फक्त पुरावा काढून द्या. सोमवारपासून तिला येऊ नको म्हणून सांगतो," डॉक्टर म्हणाले.

मुलुंडमधली ही त्यांची पॅथॉलॉजी लॅब. केबिनच्या काचेपलीकडे त्यांची टेक्निशियन वैशाली एका आजोबांचं रक्त घेत होती. तिला सगळं ऐकू जात असणार. काच काही जाड नव्हती.

झालं होतं असं. एका बाईंचा प्रेग्नन्सीचा रिपोर्ट त्यांच्या हातात पडायच्या आधीच त्यांच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोचला. तीन महिने पुरे होईपर्यंत ही बातमी आपल्याकडे कुणी बाहेर काढत नाही. या बाईंच्या सासूला ती तिसऱ्या मजल्यावरून कळली. बाई लॅबमध्ये येऊन रडल्या. रिपोर्ट वैशालीनं टाइप केला होता, म्हणजे फोडलाही तिनंच, असं डॉक्टर धरून चालले होते.

मी ऑफिसांची आणि दवाखान्यांची नेटवर्क लावते, बिघडली की दुरुस्त करते. वीस वर्षं हेच काम. माझा नियम एकच, आधी यंत्रावर संशय घ्यायचा, मग माणसावर. वैशालीच्या कॉम्प्युटरला मी हातच लावला नाही. सरळ वेटिंग रूममध्ये जाऊन बसले.

भिंतीवर पाटी होती, 'फ्री वाय-फाय'. खाली पासवर्ड, तोही लॅबचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन. डॉक्टरांची हौस. आल्यागेल्याला पाणी विचारावं तसं ते वाय-फाय द्यायचे. मी माझा मोबाईल जोडला आणि या नेटवर्कवर आणखी काय काय आहे ते शोधलं. 'रिपोर्ट्स' नावाचं फोल्डर समोर आलं. त्याला पासवर्डच नव्हता.

मी केबिनमध्ये जाऊन मोबाईल डॉक्टरांपुढे धरला.

"हे पेशंटचे रिपोर्ट तुम्हाला कोणी दिले?"

"तुमच्या पाटीनं."

ते खुर्चीत मागे टेकले. हॅकर म्हटलं की लोकांना कोणीतरी मोठा हुशार माणूस वाटतो. इथे नंबर यायची वाट बघून कंटाळलेल्या माणसाचं एक बोट पुरलं. पेशंटचे मोबाईल आणि लॅबचे रिपोर्ट एकाच वाय-फायवर असले, तर मधे भिंत नसते. ती आपल्याला घालावी लागते.

"पण वैशालीनं दिलाच नाही कशावरून?" डॉक्टर अडून बसले.

रिपोर्ट साठवायला त्यांनी एक छोटं यंत्र घेतलं होतं. कोणती फाईल, किती वाजता, कशावरून उघडली याची नोंद ते ठेवतं. तिला लॉग म्हणतात. तो आजवर कुणी वाचलाच नव्हता. त्या बाईंचा रिपोर्ट गुरुवारी अकरा चाळीसला उघडला होता, पाहुणा म्हणून, म्हणजे पासवर्डशिवाय, लॅबच्या वाय-फायवर असलेल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून.

मी वैशालीला आत बोलावलं. "गुरुवारी अकरा चाळीसला कुठे होतीस गं?"

"भांडुपला, होम कलेक्शनला. आजींची शीरच सापडत नव्हती. बारा वाजले तिथे. अॅपवर टाइम पडलाय, बघा ना."

डॉक्टरांनी अॅप बघितलं. वैशाली निघून गेल्यावर मला हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगा ना तिला नीट समजावून."

मला राग आला. "डॉक्टर, मी नेटवर्क बघते. माफी तुमची तुम्ही मागायची."

ते बाहेर गेले. काच जाड नव्हतीच, मला ऐकू आलं. "वैशाली, चुकलं माझं."

"अकरा वर्षं आहे मी इथे, सर. एकदा मला विचारायचं होतं."

मी कामाला लागले. पेशंटसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क काढलं, फोल्डरला पासवर्ड घातला. राउटरचा कंपनीतून आलेला पासवर्ड कुणी बदललाच नव्हता, तोही बदलला. दोन तासांचं काम. डॉक्टरांनी माझ्यासमोरच त्या बाईंना फोन करून चूक लॅबची असल्याचं सांगितलं आणि लॉगही पाठवला. तो मोबाईल कोणाचा, हे बाईंच्या बिल्डिंगनं बघून घेतलं असेल.

महिन्याभरानं मी तपासणीला गेले. लॅपटॉप उघडला आणि वैशालीकडे आतल्या वाय-फायचा पासवर्ड मागितला.

"सर येईपर्यंत पाटीवरचा वापरा ना," ती म्हणाली. "तुम्ही बाहेरच्या."

ते नेटवर्क मीच लावलंय, हे तिला चांगलं माहीत होतं. तरी तिनं दिला नाही. मी गुपचूप पाटीवरचा पासवर्ड टाकला आणि 'रिपोर्ट्स' शोधलं. काही सापडलं नाही. माझी तपासणी तिथेच झाली.