विम्याच्या डॉक्टरकडे

आमच्या घरात मरणाचं नाव काढायची सोय नव्हती. बांगडी फुटली तर ‘वाढली’ म्हणायचं, घराबाहेर पडताना ‘जाते’ न म्हणता ‘येते’ म्हणायचं. अशा घरात आमच्या स्वारीने एके दिवशी जेवता जेवता सांगून टाकलं, की मी आयुष्याचा विमा उतरवणार. माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली.

आम्ही तेव्हा ठाण्यात तळ्याजवळ राहत होतो. स्वारी मिठाच्या खात्यात कारकून. खाडीकाठच्या मिठागरांवर फिरायची नोकरी. त्यांचे थोरले भाऊही त्याच खात्यात होते. तिथल्याच तापाने आठ दिवसांत गेले. माझ्या जाऊबाई तेव्हापासून आलवण नेसून माजघरात वावरायच्या. केस उतरवलेले, दिवसातून एकदाच जेवण, बोलणं जवळजवळ नाही. घरातलं कोणी बाहेर निघालं की त्या दाराआड व्हायच्या, कारण निघताना विधवेचं तोंड दिसलं तर काम फिसकटतं असं सगळे मानायचे. मीही मानायचे. खरं सांगायचं तर मला त्यांची भीती वाटायची, कारण त्यांच्याकडे पाहिलं की मला मीच दिसायचे.

सासूबाई कल्याण बंदरावरच्या. माहेरी गलबतांचा व्यापार, त्यामुळे विमा हा शब्द त्यांना नवा नव्हता. त्या म्हणाल्या, “अरे, विमा गलबताचा उतरवतात. जे बुडायचं असतं त्याचा. तू बुडायला निघालायस का?”

स्वारीने शांतपणे समजावलं. मुंबईच्या कंपनीत दरसाल ठरलेली रक्कम भरायची, आणि माणसाचं काही बरंवाईट झालं तर मागच्यांना एकदम पैसे मिळतात. “मागचे” म्हणताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मला पैसे नको होते, हा विषय नको होता. ज्या कागदावर माझ्या वैधव्याची किंमत लिहायची, त्यावर सही झाली की यमाला आमच्या घराचा पत्ता मिळणार, अशी माझी खात्रीच होती.

शेवटी सासूबाई एका अटीवर कबूल झाल्या. कंपनीचा डॉक्टर तपासणार तो दिवस शनिवार होता. त्या दिवशी मारुतीचा निर्जळी उपास करायचा, परत येऊन पूजा होईपर्यंत पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. म्हणजे अशुभाची बाधा होणार नाही. स्वारी हसली, पण आईपुढे त्यांचं कधी काही चाललं नव्हतं. वैशाखाच्या उन्हात ते उपाशी गाडीत बसले, बोरीबंदरला उतरून मुंबईच्या कोटातल्या कंपनीच्या कचेरीपर्यंत चालत गेले आणि डॉक्टरपुढे छाती उघडून उभे राहिले.

संध्याकाळी परतले ते पांढरेफटक. डॉक्टरने विमा नाकारला होता. नाडी बरोबर नाही, छातीचे ठोके अडखळतात, तीन महिन्यांनी पुन्हा दाखवा, एवढंच सांगितलं.

त्या दिवसापासून माझ्या भीतीने घरात बिऱ्हाडच केलं. ते विहिरीवरून घागर आणायला निघाले की मी आधी धावायचे. देवळाच्या पायऱ्या चढताना मी मागे राहून त्यांचा श्वास ऐकायचे. ते खोकले की माझा हात आपोआप गळ्यातल्या काळ्या मण्यांवर जायचा. सासूबाई तर हबकूनच गेल्या होत्या. विम्याला नाकं मुरडणारी ती बाई आता रोज विचारायची, “तीन महिने कधी भरतात?” ते भरेपर्यंत स्वारीने आणखी चार शनिवार निर्जळी करायचे, असा त्यांनी नवस बोलला.

एके दुपारी परसात भांडी घासताना जाऊबाई हलकेच म्हणाल्या, “अगं, भाऊजी त्या दिवशी उपाशी होते.”

इतकी साधी गोष्ट आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. पण तसं असेलच कशावरून? उपासाचा दोष असेल तर बरं. नसेल, आणि डॉक्टरने पुन्हा नाही म्हटलं, तर? मी स्वारीला म्हटलं, “नका जाऊ. न कळलेलं बरं.” ते म्हणाले, “मला न कळून चालेल. तुला चालणार नाही.” आणि त्यांनी माजघराच्या दाराकडे पाहिलं.

दुसऱ्या खेपेचा दिवस उजाडला. सासूबाईंनी पुन्हा निर्जळी उपासाचा संकल्प करायला लावला होता. स्वारीने पायात जोडा घातला आणि त्याच वेळी जाऊबाई दाराआडून बाहेर आल्या. हातात दहीभाताचं ताट. सरळ उंबरठ्यात, त्यांच्या समोर उभ्या राहिल्या.

“भाऊजी, खाऊन जा.”

निघताना विधवा आडवी, शिवाय उपास मोडायला सांगतेय. सासूबाई लगबगीने पुढे आल्या. स्वारीने दोघींकडे पाहिलं, जोडा काढला, पाट घेतला आणि सगळा भात संपवून गेले. दिवसभर मी देवापुढून हलले नाही. जाऊबाईंचा मला इतका राग आला होता की मी त्यांच्याशी बोललेही नाही.

दिवेलागणीला स्वारी आली. “पास केलं,” म्हणाली. सासूबाई मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. मी देवापुढे साखर ठेवली.

जाऊबाई पुन्हा दाराआड गेल्या होत्या. तिथूनच त्यांनी विचारलं, “भाऊजी, विम्याचं हे तेव्हाही होतं का?”

तेव्हा म्हणजे कधी, हे कोणाला विचारावं लागलं नाही. उत्तर सासूबाईंनी दिलं.

“होतं. थोरल्यानेही विम्याच्या दलालाला घरी बोलावलं होतं. मी पायरीवरूनच त्याला परत लावला.”

मी जीव मुठीत धरून बसले. वाटलं, आता रडणं-ओरडणं होईल, काय ते होऊन जाईल. जाऊबाई बाहेर आल्या, सकाळचं ताट कोपऱ्यात तसंच पडलं होतं ते त्यांनी उचललं.

“बरं,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, “रात्रीला भात किती टाकू?”

त्या स्वतः रात्री जेवत नसत.