अर्ध्यावर अडलेला काटा

पुतणीच्या दहावीच्या पहिल्या पेपरसाठी मी आदल्या दिवशीच यादी केली होती. हॉल तिकीट, दोन पेन, पाण्याची बाटली, जीपमध्ये डिझेल. केंद्र अंबडला, पेपर अकराचा. दहाला निघायचं म्हणजे दहालाच, असं घरात सगळ्यांना बजावलं होतं.

जीप धाकट्या दिरांची, पुतणी त्यांचीच मुलगी. गळणारी टाकी त्यांनी त्याच आठवड्यात जुन्या जालन्यात उतरवून झाळून आणली होती. निघताना मी काटा पाहिला. अर्ध्यावर होता. डिझेलपुढे खूण केली. दीर मात्र तुराटी शोधत होते.

"वहिनी, टाकी बसवल्यापासून काटा अर्ध्याच्या खाली उतरलाच न्हाई. तुराटी घालून पाहतो, दोन मिनिटं."

"मीटर असताना काड्या कशाला घालता, भावजी? तुमची दोन मिनिटं माहितीयेत मला. बसा."

पुतणी हसली. ते तुराटी टाकून बसले.

अंकुशनगरच्या अलीकडे जीप गचके देत थांबली. काटा अर्ध्यावरच. दिरांनी बाभळीची फांदी टाकीत घातली, ती कोरडी निघाली. कारखान्याकडे वळणाऱ्या उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं नळीनं थोडं डिझेल काढून दिलं. पण डिझेल एकदा तुटलं की पाइपात हवा धरते. ती काढून इंजिन सुरू होईस्तोवर मागून अंबडकडे जाणारी एकही गाडी आली नाही. अंबडला पोचलो तेव्हा पावणेबारा वाजले होते. अर्ध्या तासानंतर कुणाला आत घेत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं टाकी खोलली. आत डिझेलवर तरंगणाऱ्या फ्लोटची दांडी वाकडी बसली होती, अर्ध्यावर आली की पत्र्याला अडकायची. तिथपर्यंत काटा खरं सांगायचा, पुढं गप्प.

त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलं, "असं झालंच कसं?"

"माझंच चुकलं," दीर म्हणाले. "डिझेल पाहायचं राह्यलं."

मी तिथंच उभी होते. बोलले नाही. मला वाटलं, पुतणी तरी बोलेल; ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

तो पेपर तिनं ऑक्टोबरात दिला. तिच्या मैत्रिणी एक वर्ष पुढं गेल्या. आता ती जालन्यात शिक्षिका आहे. माहेरी आली की बापाला टोकते, "बाबा, डिझेल पाहिलं का? का बसायचं पुन्हा रस्त्यात?"

"पाहिलं, माय," ते हसून म्हणतात.

माझी घाई तिला आठवत नाही, की आठवूनही ती बोलत नाही, हे मला कळत नाही. विचारायचं धाडस मी अजून केलेलं नाही.