रुमाल वर गेला की

एकाच सतरंजीवर बारा वर्षं तालीम केली की किस्से धुळीसारखे साचतात. झटकली की पडतातच!

सुनंदा, माझी बायको, रशियात शिकताना तिथली लोकनृत्यं शिकून आली. मेहरूणला तिने आठ बायकांचा ग्रुप काढला. अकॉर्डियन मिळेना, म्हणून माझी पेटी.

*

‘खोरोवोद’ म्हणजे गोल धरून संथ तरंगत जायचं. झग्याखाली पाऊल हललेलं दिसता कामा नये. सरावाला डोक्यावर पाण्याचा ग्लास.

ग्रुपमधल्या पिंपळनेरच्या विमलअक्का हसल्या. “दोन हंडा लिसन टेकडी चढेल शे मी! या गिलासनी काय गोठ!”

थेंब सांडला नाही.

*

झग्यांचं कापड देणाऱ्या मारवाडी शेठजींनी सगळं ऐकून घेतलं. “भाभी, पाय दिसायचेच नाहीत, तर मॅचिंग सँडल कशाला?”

*

नाच संथ सुरू होतो आणि वेग घेतो. आठ जणींच्या गोलामधे उभ्या सुनंदाने रुमाल वर केला की मी लय दुप्पट करायची, असं ठरलेलं.

रावेरच्या एका लग्नात तिने दुसऱ्याच फेरीत कपाळ पुसायला रुमाल उचलला. मी सुटलो! बायका धावतायत, एकीची सँडल थेट व्याह्यांच्या पुढ्यात!

परतताना सुनंदा एवढंच म्हणाली, “घाम पुसायचीही चोरी!”

*

ती गेली, तेव्हा धुळ्याचा कार्यक्रम आधीच ठरलेला होता.

तालमीला विमलअक्कांनी तिचा रुमाल पेटीवर ठेवला. “भाऊ, आते कोन वर करी?”

कुणीच हात लावेना.

“कुणी नको,” मी म्हणालो. “आठ फेऱ्या मोजतो आणि लय वाढवतो.”

तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा पाचव्या फेरीनंतर आकडा हरवला. रुमाल मी खिशात ठेवला.

*

धुळ्यात आठवी फेरी झाली. बोटं संथच. नववी. दहावी. बायका वळताना माझ्याकडे बघत होत्या. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. अकरावी. विमलअक्कांनी डोळे मोठे केले. मला पट्ट्या नीट दिसत नव्हत्या.

भात्यावरचा हात काढला, खिशातून रुमाल घेतला, चेहऱ्याकडे नेला.

आठही जणी सुटल्या!

पेटीतली हवा संपत आलेली, झगे गरगरतायत, आणि भाता धरून मी त्यांच्या मागे! टाळ्या पडल्या तेव्हा मी अजून एक ओळ मागेच होतो.

विंगेत विमलअक्का धापा टाकत आल्या.

“आते घाम पुसानी बी चोरी शे का, भाऊ?”

“हो ना,” मी म्हणालो. “फारच घाम आला.”

हॉल एसी होता. त्यांनी शाल घट्ट लपेटून घेतली.