खडूची रेघ

माझी सोळा वर्षांची एसयूव्ही हल्ली रात्रभरात मागून खाली बसायची. तिच्या मागच्या चाकांवर स्प्रिंगऐवजी हवेने भरलेले रबरी फुगे आहेत. ते झिजले होते. "विका आता, ताई," असं सगळे म्हणाले. मी ती इकबालभाईंच्या गॅरेजमध्ये नेली.

संध्याकाळपर्यंत त्यांनी दोन्ही फुगे नवे बसवले. गाडी ताठ उभी राहिली. मी किल्ली मागितली, तर त्यांनी मागच्या भिंतीवर बंपरच्या उंचीला खडूने रेघ ओढली.

"संध्याकाळी काय, सगळेच ताठ असतात, ताई. सकाळी बघू."

भिंतीवर अशा कितीतरी पुसट रेघा होत्या. घरी दाराच्या चौकटीवर मुलांची उंची मांडतात ना, तशा. तिथे वाढल्याचं कौतुक, इथे खचलं नाही याचं. माझ्या वयाला हे दुसरं कौतुक जास्त पटतं.

सकाळी बंपर रेघेच्या बरोबरीत होता, केसभरही खाली नाही. मान माझीच ताठ झाली. इकबालभाईंनी उकिडवं बसून, एक डोळा मिटून पाहिलं आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली.

छातीवर हात मारून हमी देणारे मला पुष्कळ भेटले. आपल्याच कामावर एक रात्र शंका घेणारा हा पहिलाच.