गोळी टाकलेलं पाणी

सुरबाला गायेनच्या घरी गोळी टाकल्याशिवाय कुणाला घोटभर पाणी मिळायचं नाही. आयला नावाच्या वादळात खाऱ्या पाण्याची नदी बांध फोडून गावात शिरली, पूर ओसरल्यावर हगवणीची साथ आली आणि तिचा धाकटा मुलगा बुबाई त्यात गेला. त्याला घरामागच्या तळ्याचं पाणी तिनंच पाजलं होतं. पाण्यात जिवाणू होते, असं नंतर आलेल्या आरोग्यवाल्यांनी सांगितलं आणि पाणी शुद्ध करायच्या गोळ्या वाटल्या. तेव्हापासून 'जिवाणू' हा शब्द तिनं वैऱ्याच्या नावासारखा लक्षात ठेवला. ही गंगाजळातसुद्धा गोळी टाकेल, असं जावा हसून म्हणायच्या. सुरबाला हसायची नाही. पदराच्या गाठीत गोळ्या असायच्याच.

पुरानं पोर नेलं, तसं शेतात मीठ ठेवलं. भात उगवायचं आणि शेंडे करपून बसायचं. नवरा केरळात बांधकामावर गेला, मागे शेताचा कारभार थोरल्या दिराकडे, निरापदकडे आला. माणूस वाईट नव्हता, थकला होता. आषाढात त्यानं अंगणात उभं राहून धाकट्या भावजयीला सांगितलं, "बोउमा, एवढा पाऊस बघतो. रोपं उभी राहिली तर ठीक, नाही तर बांध कापून खारं पाणी आत घेऊ. कोळंबी तरी होईल." एकदा खारं पाणी आत घेतलं की तिच्या हयातीत तिथं भात होणार नव्हता. दिरासमोर ती बोलत नसे. तिनं पदर पुढे ओढला आणि मान हलवली.

त्याच सुमारास शेतकी केंद्रातली तनुश्री काळ्या भुकटीचं पाकीट घेऊन आली. यात मीठ सोसणारे जिवाणू आहेत, मुळांशी राहून ते रोपालाही मीठ सोसायला मदत करतात, असं तिनं सांगितलं. 'जिवाणू' शब्द ऐकताच सुरबालानं पाकीट खाली ठेवलं. सगळे सारखे नसतात, काकीमा, म्हणून पोरीनं परोपरीनं समजावलं. शेवटी सुरबालानं ते उचललं, कारण दुसरं काही हातात नव्हतंच. निम्मी भुकटी गुळाच्या पाण्यातून बियाण्याला चोळायची होती, निम्मी लावणीच्या वेळी मुळांसाठी ठेवायची होती.

रोपं विरळ आली, शेंडे पिवळे. ती उठल्या बसल्या वाफ्यावर जायची. निरापद बांधावरून जाताना नुसता खाकरायचा, आणि ती घाईनं पदर पुढे ओढायची.

तनुश्री आली, वाफ्यापाशी बसली आणि गूळ कुठल्या पाण्यात कालवला होता, ते विचारलं.

"चांगल्या. प्यायच्या. गोळी टाकून," सुरबाला म्हणाली. त्यात थोडा तोराही होता.

तनुश्रीनं तिच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. "काकीमा, गोळीनं ते जिवाणू मेले असतील."

हात कधी गाठीकडे गेला होता, हे सुरबालाला आठवतसुद्धा नव्हतं. स्वतःच्या हातांचा तिला राग आला. मग उरलेल्या निम्म्या भुकटीला कुठलं पाणी घ्यायचं, हे तिनं विचारलं, आणि तनुश्रीनं बिनगोळीचं गोडं पाणी सांगितलं. विहिरीच्या पाण्यात मीठ होतं, घरात भरलेल्या पाण्यात गोळी. पावसाचं गोडं पाणी साठलं होतं ते घरामागच्या तळ्यात.

बुबाई गेल्यापासून तिनं त्या तळ्यात घागर बुडवली नव्हती. लावणीच्या दिवशी ती काठावर उभीच राहिली. निरापद बांधावर होता, बघत होता. शेवटी ती गुडघाभर पाण्यात उतरली आणि बादली भरली. हात गाठीकडे गेलाच. तिनं तो खाली घेतला, भुकटी पाण्यात सोडली आणि कोपरापर्यंत हात घालून ढवळली. जगली होती तेवढ्या रोपांची जुडी तिनं त्यात बुडवून धरली.

"माझं पोर नेलंत तुम्ही," ती बादलीकडे बघत म्हणाली. "आता एवढं भात तरी उभं करा."

दीर ऐकतोय, हे तिच्या ध्यानातच नव्हतं. निरापदनं तोंड दुसरीकडे वळवलं.

लावलेली रोपं आधी माना टाकून पडली. कोळंबीवाला माणूस एकदा बांध बघून गेला, कुठून कापायचा हे काठीनं दाखवून गेला. पुढे काही रोपं सरळ झाली, काही नाहीत. हे चांगलं की वाईट, ते तिला कळेना, आणि तनुश्रीनंही ठाम काही सांगितलं नाही.

मग एका सकाळी निरापद लुंगी खोचून शेतात उतरला. सुरबाला बांधावर, पदराचं टोक दातात धरून. त्यानं वाकून मधलंच एक रोप उपटलं, पाण्यात खळबळून धुतलं आणि डोळ्यांजवळ नेलं. मुळांना पांढरे शुभ्र नवे तंतू फुटले होते. तो किती तरी वेळ बघत राहिला. तिला वाटलं, आता टाकून देईल.

त्यानं ते रोप पुन्हा त्याच जागी खोचलं आणि भोवतीचा चिखल अंगठ्यानं हलकेच दाबला.